अंतर तेवढंच, वेळ वेगळा
मुंबई-लंडन विमानप्रवासावरच्या एका लेखात अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि वेळ जाता-येता सरसकट ९ तास दिलाय. तसं नाही हो! लंडनला जाताना साधारण १० तास लागतात, येताना तासभर तरी कमी. या फरकासाठी त्या लेखाच्या एका वाचकाने पृथ्वीच्या फिरण्याचं कारण दिलंय, पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते ना! खरं कारण जेट स्ट्रीम, म्हणजे १०-१२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे. जाताना ते समोरून, परतताना पाठीमागून. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ याच वाऱ्यांच्या जोरावर न्यूयॉर्कहून ५ तासांच्या आत लंडनला पोचलं होतं. पुढच्या वेळी समोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग, जरूर बघा, हिवाळ्यात परतताना आकडा ताशी हजार किलोमीटरवर गेलेला दिसतो.