'नाइस'चा खरा अर्थ कोणता?

नमस्कार सर,

इंग्रजी 'नाइस' शब्दावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, "नाइसचा मूळ अर्थ अडाणी असेल तर तोच खरा. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चूक केली म्हणून ती बरोबर ठरत नाही. मुलांच्या वहीवर हा शेरा देणं बंद करा." हे मला अजिबात पटत नाही.

व्युत्पत्ती मी लेखात दिली तीच आहे. लॅटिन 'नेस्कियुस' म्हणजे न जाणणारा. त्यातला 'ने' आपल्या 'न'चा सख्खा भाऊ, आणि पुढचा 'जाणणे' या अर्थाचा धातू 'सायन्स'मध्येही आहे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा, १३०० च्या आसपास, तो मूर्खालाच लावत.

पण तिथून 'छान'पर्यंत त्याने एकदम उडी मारलेली नाही. मूर्खाचा बुजरा झाला, मग नखरेल, मग खाण्या-कपड्यांत चोखंदळ. चोखंदळ माणूस बारकावे बघतो, म्हणून सोळाव्या शतकात 'नाइस' म्हणजे काटेकोर, सूक्ष्म. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशातही काटेकोरपणाचाच अर्थ आधी येतो. 'छान' रुजला तो अठराव्या शतकात. सूक्ष्म भेदाला 'नाइस डिस्टिंक्शन' तर आजही म्हणतात. आता यात चुकली ती नेमकी कोणती पिढी?

आपलंच बघा. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, लाली, प्रेम. 'अनुरागा'त ते प्रेम अजून आहे, पण मराठीत राग म्हणजे संताप. 'शिक्षा' म्हणजे शिकणं, हिंदीत आजही. आपल्याकडे ती भोगावी लागते. आणि आपलं ठाणं? शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत ते श्रीस्थानक आहे. 'स्थान'चंच 'ठाणं' झालं, आणि पुढे ते पोलिसांचंही झालं. 'ठाणे स्थानक' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो. सकाळी फास्ट लोकल पकडणाऱ्याला हे ठाऊक नसलं तरी तो उतरतो बरोबर जागी.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. जेवण, माणूस, पाऊस, सगळंच 'नाइस' म्हटलं की चविष्ट, मनमिळाऊ, रिमझिम हे शब्द जिभेवर येईनासे होतात. त्याचं मलाही वाईट वाटतं.

शिवाय लेखाच्या मथळ्यात मी 'नाइसचा खरा अर्थ: मूर्ख' असं लिहिलं होतं. तुमचा समज त्यामुळेच झाला असावा, चूक माझी. 'खरा'च्या जागी आता 'जुना' केलं आहे.