समुद्रदेव आणि मेथीची जुडी

परवा पुण्याचे साडू सहकुटुंब आले. गाडीतून उतरायच्या आधीच काच खाली करून म्हणाले, "साडूभाऊ, उगाच खर्चात पडू नका हं. साधंसं काहीतरी दाखवा." साधंसं म्हणजे फुकट, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणात कळलेलं आहे.

तसं कोल्हापूर या बाबतीत मोकळ्या हाताचं गाव. अंबाबाईचं दर्शन फुकट, रंकाळ्याचं वारं फुकट, पंचगंगेचा घाट फुकट. राहता राहिलं टाऊन हॉलचं म्युझियम, तर तिथलं तिकीट भेळेपेक्षा स्वस्त. मी खूश होतो. इमारतीची, मूर्तींची माहिती आदल्या रात्री उजळून घेतली होती. आयुष्यात एकदा तरी साडूंसमोर छाप पाडायची होती.

घात केला पार्किंगनं. पावती फाडणाऱ्या पोराकडं पाचशेचे सुट्टे नाहीत, माझ्या मोबाइलवर ते गोल चाक नुसतं फिरतंय, आणि साडू आभाळाकडं बघतायत. मागं गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्यानं वीस-वीसच्या दोन नोटा पोराच्या हातात कोंबल्या.

"घे रं. पाव्हण्यांस्नी कशापायी ताटकळत ठेवतोस?"

पांढरा पायजमा, टोपी, एका हातात भाजीची पिशवी आणि काखेत मेथीची ही मोठी जुडी. मी आभार मानले, नंबर मागितला, पैसे पाठवतो म्हणालो. त्यांनी हात झटकला. "पैशे कुठं जात्यात? कुठं निघालाय?"

इथं मी "घरी" म्हणायला हवं होतं, पण मेहुणीनं उत्साहानं "म्युझियम!" असं सांगून टाकलं.

"चला की! मी काय, मोकळाच हाय."

चाळीस रुपयांत त्या मामांनी आम्हाला विकत घेतलं. दारात पिशवी ठेवून घेतली गेली, पण मेथी पिशवीत मावत नव्हती, ती हातातच राहिली. पुढं अख्खी दुपार त्या मेथीनंच आम्हाला कोल्हापूर दाखवलं. मामा बोटानं काही दाखवतच नव्हते. जुडी उचलायची, रोखायची आणि हलवायची. जुडी नुकतीच धुतलेली होती. थेंब उडायचे ते बरोबर माझ्या चष्म्यावर.

मी सुरुवात केली, "ही इमारत 1876 साली पूर्ण झाली. मेजर मँट नावाच्या इंग्रज..."

"मँट!" जुडी छताकडं गेली. "त्येनंच आपला न्यू पॅलेस काढला. पर बिचारा शेवटाला खुळावला. आपल्या इमारती पडत्यात का काय, ह्याचा घोर लागला त्येला. त्या काय पडल्या न्हाईत. ह्योच गेला!"

साडू खो खो हसले. आता, मँट 1881 ला गेला आणि न्यू पॅलेस पुरा झाला 1884 ला. त्याच्या वेडाची कथाही लोक सांगतात हे खरं. पण हे मी सांगणार होतो! माझ्याकडं सनावळीसकट तयार होतं! मामा साडूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्यांस्नी न्हाई म्हाईत हे. नोकरदार माणूस." मी याच गावात जन्मलो, शाळेची सहल याच दालनांतून रांगेनं गेली, आणि माझी ओळख काय, तर नोकरदार माणूस.

मग आला माझा हुकमाचा एक्का. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला, वीतभर उंचीचा, काशाचा पोसायडन. मी घसा खाकरला. "हा ग्रीकांचा समुद्रदेव. सातवाहनांच्या काळात आपला रोमशी व्यापार चालायचा, त्या वाटेनं हा..."

"समुद्राचा द्येव?" मामांनी मेथी खाली घेतली. प्रथमच. "कोल्हापुरात समुद्र कुठाय?"

"समुद्र नाही मामा, पण व्यापारी..."

"मग ह्यो हितं कशाला आला?"

"आला म्हणजे, कुणीतरी आणला."

"कुणी आणला?"

"ते कसं कळणार? दोन हजार वर्षं होत आली."

मामांनी मूर्तीकडं निरखून पाहिलं, मग माझ्याकडं, आणि निकाल दिला. "आंबाबाईच्या दर्शनाला आला आसंल."

मेहुणी म्हणाली, "अय्या, किती छान!" साडूंनी मोबाइल काढला. वाटलं, पोसायडनचा फोटो घेतायत. नाही, मामांचा व्हिडिओ. मेथीसकट. ब्रह्मपुरीत 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उन्हातान्हात माती उकरली, तिथले काशाचे आरसे, हत्तीवर बसलेले स्वार असा माल या गावात आहे, आणि लोक इथं येऊन काय नेतात? चपला आणि मसाला. दालनात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मिसळीच्या दुकानासमोर मात्र नंबर पुकारत होते. हे मी तिथंच बोलून दाखवलं. साडू म्हणाले, "मिसळ कुठं म्हणालात?"

मामांच्या हुकमानं पुढं घाट. ब्रह्मपुरी तिथं जवळच, त्यामुळं मला पुन्हा आशा वाटली. पण पाणी बघून मीच गप्प झालो. हिरवट रंग, कडेला जलपर्णी आणि तो वास. पाव्हण्यांना नदी दाखवायची तर तोंड कुठल्या बाजूला करून उभं राहायचं हेही आताशा ठरवून ठेवावं लागतं. दर निवडणुकीत पंचगंगा शुद्ध होते. पावसाळ्यात मात्र अख्खं गाव तिची चौकशी करतं. एकमेकांना "बरं आहे ना?" विचारत नाही आम्ही, "राजाराम बंधारा किती फूट?" विचारतो. त्या बंधाऱ्यावर नदीचं पाणी 39 फुटांना गेलं की इशारा, 43 ला धोका, आणि 2019 साली ती 55 च्या वर गेली. पूर ओसरला की पुन्हा तिच्यात सगळं सोडायला आम्ही मोकळे. हे साडूंना सांगावं म्हणून वळलो, तर मामा मेथीनं दाखवत होते, पाणी कुठवर आलं होतं ते. मेथी त्यांच्या डोक्याच्या बरीच वर गेली.

शेवटी मी चाळीस रुपये पुढं केले. सुट्टे मिळाले होते. मामा दुखावले. "पैशे घीऊन काय करू? पाव्हणं रोज येत्यात का? तांबडा-पांढरा हुंदे."

झालं. मटणाची ताटं, दोन जादा वाट्या पांढरा, साडूंच्या पोराला सोलकढी आवडली म्हणून तीही दोनदा. मामांनी मेथी टेबलावर मधोमध ठेवली होती, तिच्या आडून मला साडू दिसतही नव्हते. बिल आल्यावर साडू हात धुवायला गेले, ते मी बिल भरून होईपर्यंत धूत होते.

रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर साडूंचा मेसेज पडला: "कोल्हापूर बजेट ट्रिप. एकूण खर्च शून्य. मामांचे विशेष आभार." सोबत तो व्हिडिओ. त्यात कडेला माझा अर्धा कान आहे. आमच्या हिनं खाली टाळ्यांची रांग लावलीय.