क्लिअरन्स हवा असेल, तर नातेवाईक जपून निवडावेत

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन झाली, भारतीय पासपोर्ट परत करून झाला, आणि आता व्हर्जिनियातील एखाद्या संरक्षण कंत्राटदाराकडे नोकरीही चालून आली असेल, तर तुमचे एवढेच काम उरते की आपल्याला पुण्यात आई आहे याबद्दल सरकारचे समाधान करायचे. तसे झाले की सरकारी गुपिते हाताळण्याची परवानगी, म्हणजेच ‘क्लिअरन्स’, मिळतो, आणि त्यासाठी एसएफ-८६ नावाचा सव्वाशेहून अधिक पानांचा अर्ज आहे. स्थळाची चौकशी करणाऱ्या आत्याबाईंनाही इतके प्रश्न सुचले नसते.

प्रथम मन दुखावून घेऊ नका. क्लिअरन्ससाठी २०१७ पासून लागू असलेल्या तेरा निकषांपैकी ‘परकीय प्रभाव’ हा निकष तुमच्या निष्ठेवर संशय घेत नाही. तो संशय घेतो तुमच्या मायेवर. मायेचे माणूस परक्या मुलुखात असले की त्याच्याकरवी तुमच्यावर दबाव आणता येतो, असा तो हिशेब आहे. म्हणून वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले असतील, तर ते परकीय सरकारचे सेवक होते, हे स्वच्छ अक्षरांत लिहावे. त्यांना खडूसुद्धा पदरचे आणावे लागत, हा खुलासा त्या रकान्यात मावत नाही. गेल्या सात वर्षांत ज्या परदेशी नागरिकांशी निकटचा किंवा सततचा संपर्क आहे आणि ज्यांच्याशी आपण स्नेहाने वा बांधिलकीने जोडलेलो आहोत, तेही सांगायचे असतात. रोज सकाळी गुलाबाच्या फुलासह सुप्रभात धाडणारा मामेभाऊ यात बसतो का, याचा शांतपणे विचार करावा. सातत्याबद्दल तरी शंका नाही.

संपर्क तुरळक आणि किरकोळ असेल तर तो अर्जदाराच्या बाजूने धरला जातो, हे वाचून काही हुशार मंडळी आईला फक्त दिवाळीत फोन करण्याचे ठरवतात. तसे करू नये. जवळच्या नातलगांशी असलेला संपर्क किरकोळ नसतोच, हे संरक्षण खात्याच्या अपील मंडळाचे गृहीतक आहे. तेव्हा आईचा रागही पदरात पडेल आणि नकारही. त्याहून मोठी गोष्ट अशी की जोडीदाराच्या जवळच्या माणसांविषयीही अर्जदाराला माया किंवा बांधिलकी असते, असे हे मंडळ व्यवहारज्ञानाच्या आणि मानवी अनुभवाच्या आधारावर धरून चालते. मंडळावरील सदस्यांची सासरवाडी फारच चांगली असावी. हे गृहीतक खोडून काढण्याची मुभा आहे, म्हणजे वीस वर्षे सासऱ्यांशी पावसापाण्यापलीकडे न बोललेल्या जावयाला ती गोष्ट शपथेवर सांगण्याची संधी प्रथमच मिळते. निकालपत्र नाव वगळून इंटरनेटवर प्रसिद्ध होते, पण सासूबाईंना इंग्रजी येते आणि वर्णनावरून जावई ओळखता येतो, हे विसरू नये.

साताऱ्याकडच्या सातबाऱ्यावर डझनभर चुलतभावंडांच्या रांगेत तुमचेही नाव असेल, तर ज्या बांधावर चुलतभाऊ तुम्हाला उभे राहू देत नाही, तो बांध अर्जात मात्र तुमची परदेशी मालमत्ता ठरतो. बिनतक्रार हक्कसोडपत्र करून द्यावे आणि त्या पैशांच्या आशेऐवजी व्हर्जिनियात घराचे कर्ज काढावे. अमेरिकेत खोलवर रुजल्याचा पुरावा म्हणून ते चांगले दिसते. भाऊबंदकीचा देशभक्तीला असा उपयोग दुसरीकडे कुठे होत नसेल.

एवढे करूनही नकार आला तर भांडू नये. क्लिअरन्स हा कोणाचाही हक्क नाही आणि चूक व्हायचीच असेल तर ती नकाराच्या बाजूने व्हावी, असा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निकाल आहे. अमेरिकी नौदलातील माजी अधिकारी जॉन वॉकर १९८५ मध्ये सोव्हिएत हेर म्हणून पकडला गेला, तेव्हा त्याच्या धंद्यात सख्खा भाऊ आणि पोटचा मुलगा सामील होते, दोघेही अस्सल अमेरिकन. पण असली उदाहरणे मुलाखतीत काढू नयेत.

त्यापेक्षा डोनाल्ड ट्रम्प यांचे जावई जारेड कुश्नर यांच्याकडून शिकावे. त्यांच्या अर्जात परदेशी संपर्क लिहायचे राहून गेले होते, मागाहून शंभराहून अधिक नावांची भर घालावी लागली, आणि तरीही अखेर क्लिअरन्स मिळाला. तोही अधिकाऱ्यांच्या शंका बाजूला सारून खुद्द सासऱ्यांच्या आदेशाने, असे वृत्त २०१९ मध्ये छापून आले. जावयाला आपण उगीच दहावा ग्रह म्हणत नाही. तेव्हा स्थळ पाहताना पत्रिका, पगार आणि गोत्र यांच्या जोडीला मुलीचे वडील पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवरच्या व्हाइट हाउसात राहायला जाण्याचा काही संभव आहे का, हेही आत्याबाईंना विचारून घ्यायला सांगावे.