लिंबू लावून उन्हात जाऊ नका: ‘सनस्क्रीन सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा जोरात फिरतोय. आमच्या मावशींनी तो वाचून लेकीची सनस्क्रीनची ट्यूब बंद केली आणि ती पोरगी हळद-लिंबू चोळून भर उन्हात स्कूटीवरून कॉलेजला जायला लागली, म्हणून हे लिहायला घेतलं. मेसेजचा सारांश असा: भारतीय त्वचेला सनस्क्रीन लागतच नाही, त्यातलं केमिकल रक्तात जातं, व्हिटॅमिन डी मिळत नाही, मेडिकलमधलं हलकं जेल म्हणजे नुसतं पाणी, ते लावूनही चेहरा काळा पडतोच, त्यापेक्षा सांगलीची हळद, लिंबाचा रस आणि खोबरेल लावा आणि बिनधास्त उन्हात जा.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करते, कारण खरी इजा तिथे आहे. आपल्या घरातल्या कागदी लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकोमॅरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की उन्हातले यूव्हीए (एका प्रकारचे अतिनील) किरण त्यांना चेतवतात आणि त्वचा भाजते. त्या क्षणी काहीच जाणवत नाही, हाच घात. साधारण एका दिवसाने लाली येते, दोन-तीन दिवसांत वाढते, कधी पाणी भरलेले फोड येतात, आणि ते बसले की मागे तपकिरी-काळे डाग राहतात. हे डाग कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने जात नाहीत. त्यांचा आकार बघितला तरी कारण कळतं: रस ओघळला तिथे रेघ, बोट फिरलं तिथे पट्टा. डॉक्टर याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. पुष्कळजणी याला अंगातली उष्णता समजून डागांवर पुन्हा लिंबूच चोळतात. कृपा करून हे थांबवा. सरबत करताना हाताला रस लागला तरी बाहेर पडण्याआधी साबणाने धुवा, नखांखालचासुद्धा.

हळदीबद्दल. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात वाळत घातला की फिका पडतो, हे घरोघरी माहीत आहे. उन्हाने त्यातलं कर्क्युमिन हे पिवळं द्रव्य मोडतं म्हणून तो फिका पडतो. जे उन्हात स्वतःच टिकत नाही, त्याच्या भरवशावर चेहरा सोडायचा? खोबरेलाचा एसपीएफ (उन्हाने भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं, त्याचा आकडा) 8 असतो असं सांगतात, ते आलं 2010 च्या एका भारतीय अभ्यासातून. तिथे तेल अल्कोहोल-पाण्यात मिसळून यंत्रात मोजलं होतं, माणसाच्या कातडीवर नाही. केसांना लावा, रात्री पायांना लावा, पण उन्हासाठी नको.

आता ‘आपल्या त्वचेला गरज नाही’. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य संरक्षण देतं आणि आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांपेक्षा खूपच कमी आढळतो. पण अगदी काळ्या त्वचेचं नैसर्गिक संरक्षणही साधारण एसपीएफ 13 च्या आसपास मोजलं गेलंय, आपलं बहुतेकांचं त्याहून कमी. आणि आपला त्रास वेगळा आहे: गालावरचे वांग, कपाळावरचा काळसरपणा, मुरूम गेल्यावर राहिलेले डाग. हे सगळं उन्हाने गडद होतं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सांगलीत शून्य सावली असते, थोड्याच दिवसांनी साताऱ्यात. सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत निरभ्र आकाश असेल तर दुपारचा यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा) 11 च्या वर जातो. तासगावकडे द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीला दिवसभर बागेत उभ्या असणाऱ्या बायकांना ‘तुम्हाला गरज नाही’ सांगणं हा अन्याय आहे. त्यांना टोपी, पूर्ण बाह्या आणि क्रीम, तिन्ही हवं.

रोज लावून फायदा होतो का, याचा सगळ्यात भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातल्या नांबोर गावचा आहे. 1992 पासून साडेचार वर्षं काहींना रोज सनस्क्रीन लावायला दिलं, बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. 2013 मध्ये 903 जणांचे निष्कर्ष छापून आले: रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य 24 टक्के कमी. ते लोक बहुतेक गोरे होते, हे खरं. पण नांबोरपेक्षा आपण विषुववृत्ताच्या कितीतरी जवळ आहोत.

‘जेल म्हणजे पाणी’ हा आरोप प्रमाण चुकल्यामुळे होतो. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावतात. म्हणजे फक्त चेहऱ्याला अंदाजे पाव चमचा, सव्वा मिली. मान आणि कान धरले तर अडीच मिली. कफ सिरपच्या मापाच्या झाकणात एकदा ओतून बघा, मग डोळ्याला अंदाज बसेल. रोज एकदा नुसत्या चेहऱ्याला लावलं तरी 50 ग्रॅमची ट्यूब सव्वा महिन्यात संपायला हवी. सहा महिने पुरत असेल तर तुम्ही पाव भागसुद्धा लावत नाही, आणि काळं पडण्याचा दोष जेलला देता.

घेताना एसपीएफ 30 किंवा जास्त आणि सोबत ‘पीए+++’ (यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची खूण) बघा. नुसता एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीबद्दल, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांबद्दल सांगतो, काळवंडायला यूव्हीए मोठं कारण आहे. 30 आणि 50 मध्ये फरक एवढाच की एक अंदाजे 97 टक्के यूव्हीबी अडवतं, दुसरं 98. त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. नवीन ट्यूब आधी दोन-तीन दिवस कानामागे लावून बघा. मॉइश्चरायझर लावलं तर पाच मिनिटं मुरू द्या, नाहीतर जेलच्या वळ्या निघतात. दोन थरांत, चोळून नाही, थापून लावा आणि पंधरा मिनिटांनी बाहेर पडा. स्कार्फ बांधणार असाल तर थर सुकल्यावरच, कारण ओला थर कापडाला जातो. घाम येऊन डोळे चुरचुरत असतील तर डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडवालं लावा. थोडं पांढरट दिसेल. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आणि ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने आतलं क्रीम फुटून पाणी-तेल वेगळं होतं.

‘रक्तात जातं’ हे काही घटकांबाबत खरं आहे. 2019 च्या अमेरिकी चाचणीत ते रक्तात सापडले. पण तिथे 75 टक्के अंगाला दिवसातून चार वेळा लावलं होतं, आणि म्हणून सनस्क्रीन सोडा असा याचा अर्थ नाही, हे त्याच अभ्यासात लिहिलंय. तरी धास्ती वाटत असेल, गरोदर असाल, तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घ्या. व्हिटॅमिन डीसाठी हात-पाय उघडे आहेत की. कमी असेल तर रक्त तपासून गोळ्या घ्या.

वांग फार असतील तर साधं जेल पुरत नाही, कारण दृश्य प्रकाशानेही ते गडद होतात. आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत, टिंटेड सनस्क्रीन मागा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून बिनचिठ्ठीची ‘गोरं करणारी’ स्टिरॉइड क्रीम आणू नका: पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते आणि साधं ऊनही सोसत नाही.