दहावीच्या मुलांना यादी नको, धड्याशेजारी पुस्तक द्या

निकाल लागल्यापासून शाळा उघडेपर्यंतच्या दिवसांत मला पालकांचे मेसेज हमखास येतात. मुलगी नववीत गेली, मुलगा दहावीत गेला, अवांतर काय वाचायला देऊ, एक यादी पाठवा ना मॅडम. मी नागपुरातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. असं कोणी विचारलं की मला मनापासून बरं वाटतं. पण यादी मी पाठवत नाही. ती का नाही, आणि मग काय द्यायचं, हे एकदा नीट लिहायचं होतं.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या याद्या बघा. चार जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या, यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी दोन-तीन भाषांतरं, एखाद्या उद्योगपतीचं चरित्र. सकाळी ट्यूशन, दुपारी शाळा, संध्याकाळी टेस्ट सिरीज अशा वर्षात त्या मुलाच्या हातात आपण सहाशे पानांची कादंबरी ठेवतो. ती विसाव्या पानावर मिटते, आणि घरात निकाल लागून जातो की याला वाचनाची आवडच नाही. तो निकाल मुलगाही खरा मानतो, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

माझं म्हणणं साधं आहे. चौदा-पंधराव्या वर्षी वाचन टिकतं ते डोक्यात आधीच चालू असलेल्या एखाद्या प्रश्नाला येऊन चिकटलं तर. आणि तो प्रश्न त्या आठवड्यातल्या धड्यातून आलेला असतो. म्हणून वाचायला देणं हे एकट्या मराठीच्या शिक्षकांचं काम राहू नये. प्रत्येक विषयाच्या शिक्षकानं आपल्या धड्याशेजारी एक पुस्तक ठेवावं. सबंध पुस्तक नसलं तरी चालेल, एक प्रकरण द्यावं, पान क्रमांकासकट.

माझ्या विषयापासून सुरुवात करते. ज्वलनाचा, ऑक्सिडीकरणाचा भाग आला की मी मायकेल फॅरेडेची मेणबत्तीवरची व्याख्यानं मुलांना देते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळच्या सुट्टीत त्यानं मुलांसमोर सहा व्याख्यानं दिली, आणि सहाही एका मेणबत्तीवर. वितळलेलं मेण वातीतून वर कसं चढतं, ज्योतीचा पिवळा भाग कशामुळे उजळतो, जळताना पाणी कुठून तयार होतं, आणि शेवटच्या व्याख्यानात मेणबत्तीचं जळणं आणि आपला श्वास यांत साम्य काय. पुस्तक इंग्रजीत आहे, इंटरनेटवर फुकट मिळतं. भाषा जुनी आहे, पण समोर बसलेल्या मुलांशी बोललेली आहे. वर्गात मी एक थंड, कोरडा काचेचा ग्लास ज्योतीवर उपडा धरते. आत वाफ धरते, ग्लास धुरकट होतो. मेण जळून पाणी! त्या क्षणी मुलांचे चेहरे बघायला हवेत. त्याच तासाला त्यांना फॅरेडेची दोन पानं दिली की ती वाचतात, कारण उत्तर त्यांना स्वतःला हवं असतं. हीच दोन पानं सुट्टीच्या यादीत सातव्या क्रमांकावर टाकली असती तर कोणी उघडलीही नसती.

फॅरेडेची स्वतःची गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे. लोहाराचा मुलगा, शाळा लवकर सुटलेली, पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. विजेवरचा विश्वकोशातला लेख त्यानं तिथेच वाचला आणि जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादरूपातलं पुस्तकही तिथेच. हातात आलेलं पान त्याला त्याच वेळी हवं होतं.

मराठीत विज्ञानाचं द्यायचं तर जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह. प्रकाशाचं परावर्तन शिकवताना त्यातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा द्या. आरशातली डावी-उजवी बाजू हा परीक्षेतला दोन गुणांचा प्रश्न असतो, या कथेत त्याचं रहस्य होतं. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ना. वि. जगताप या नावानं पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांवर नावाचं दडपण नको. हे सांगितलं की मुलं आद्याक्षरं जुळवून बघतात आणि मग पुस्तक मागतात.

जीवशास्त्राला मारुती चितमपल्ली. वनखात्यात नोकरी करता करता नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट त्यांनी पायाखाली घातले आणि निवृत्तीनंतर बरीच वर्षं आपल्या नागपुरातच राहिले. परिसंस्था, जैवविविधता हे शब्द पाठ करणाऱ्या मुलांना ‘रानवाटा’मधला एखादा लेख वाचू द्या. नवेगावबांधच्या सहलीला नेणार असाल तर आधी त्यांचं ‘नवेगावबांधचे दिवस’ वर्गात थोडं तरी वाचा. नाहीतर बसमधून उतरायचं, फोटो काढायचे, डबा खायचा आणि परत, एवढंच होतं.

आता इतिहास, कारण इथे मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते. राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासात पहिलेच दोन पाठ इतिहासलेखनाचे आहेत. साधनं, साक्षी, त्यांची चिकित्सा. मुलांना ते कोरडे वाटतात. पण शेजारी विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ ठेवून बघा. वरसईचा एक भिक्षुक दानदक्षिणेच्या आशेनं १८५७ साली उत्तरेकडे निघतो आणि बंडात सापडतो. झाशी पडली तेव्हा तो शहरात होता. त्यानं हे सगळं बऱ्याच वर्षांनी लिहिलं. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं ते संपादून, आणि पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली. मग वर्गाला विचारा: हा माणूस स्वतः तिथे होता, मग त्याचं सगळं खरं धरायचं का? आठवणीतून लिहिलंय, चालेल का? संपादकानं हात लावला, मग? एका पुस्तकात दोन्ही पाठ आले. आणि झाशीची प्रकरणं मुलं एका बैठकीत वाचतात, कारण जीव मुठीत घेऊन पळणाऱ्या माणसाची ती हकिगत आहे.

दुसरं, मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, जेमतेम चौदा वर्षांची मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आपल्या नववीतल्या मुलींच्या वयाची मुलगी थेट धर्माला प्रश्न विचारते. निबंधलेखनाचा नमुना म्हणून गाईडमधला ‘माझा आवडता ऋतू’ देण्यापेक्षा हा द्या. आणि आपल्याच विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ची, १८८२ सालची, चार पानं त्याला जोडा.

तिसरं, डॉ. आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. अगदी छोटं आहे, मराठीतही मिळतं. त्यातला पहिलाच प्रसंग साधारण १९०१ सालचा. वडिलांना भेटायला निघालेली, नवे कपडे घातलेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळल्याबरोबर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडं कबूल केल्यावर गाडीवाला तयार होतो, तोही मुलांनी गाडी स्वतः हाकायची या अटीवर. जवळ डबा आहे, पण प्यायला पाणी मिळत नाही म्हणून रात्र उपाशी जाते. त्या वेळी भीमराव नऊ-दहा वर्षांचे होते. दीक्षाभूमीच्या शहरात वाढणाऱ्या प्रत्येक मुलानं हे वाचलेलं असावं, मग त्याचं घर कोणतंही असो.

काही पालक म्हणतात की या वयात असं नको, मुलांच्या मनावर परिणाम होतो. परिणाम व्हावा म्हणूनच मी देते. ज्यांच्या घरी हे आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असतं ती मुलं वर्गात पहिल्यांदा बोलतात आणि बाकीची ऐकतात. तेवढ्याचसाठी सुद्धा हे पुस्तक वर्गात आणायला हवं.

भूगोल. दहावीचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे, आणि आपण नागपूरकर त्या बाबतीत नशीबवान आहोत. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावानं आपलं हिस्लॉप कॉलेज आहे, ते मिशनरी होते तसे हाडाचे भूवैज्ञानिकही होते. टाकळीच्या परिसरात, बेसाल्टच्या दोन थरांच्या मधल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातले शंख आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडले. म्हणजे लाव्हाचे लोट येत होते, मध्ये खंड पडत होता, आणि त्या काळात इथे तळी होती, झाडं होती. नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा त्यांचा आणि त्यांचे सहकारी हंटर यांचा इंग्रजी लेख १८५५ चा आहे. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात बुडून गेले. ज्या शहरात रोज सायकल चालवतो त्याच्या पोटात काय आहे हे कळलेलं पोर भूगोलाचं पुस्तक वेगळ्या नजरेनं उघडतं. सोबत नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर द्या. सबंध नाही, फक्त आपल्या तालुक्याची पानं. पूर्वी इथे काय पिकायचं, बाजार कुठे भरायचे, हे वाचून मुलं घरी आजीला प्रश्न विचारतात.

शेतीचं अर्थशास्त्र शिकवायचं तर सदानंद देशमुखांची ‘बारोमास’. शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याचं शेतीवरचं घर. पुस्तक मोठं आहे, म्हणून दहावीनंतरच्या सुट्टीत द्या. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं गाव त्यात आहे, त्यांच्या घरातली बोली आहे. बोली पुस्तकात छापलेली पाहिली की काही मुलं ताठ बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गणितवाल्यांना वाटतं आपल्याला काय वाचायचं देणार. मंगला नारळीकरांचं ‘गणितगप्पा’ द्या. आणि पुस्तक द्यायच्या आधी फळ्यावर देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा ६१७४ मांडा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमातली संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर तेच करत राहा. नागपूरच्या पिनकोडचे पहिले चार अंक घेऊ: ४४०० वजा ००४४ म्हणजे ४३५६. मग ६५४३ वजा ३४५६, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आलं ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करा, पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथेच पोचता. हे शोधणारा माणूस शाळामास्तर होता, विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. मागच्या बाकावरचा मुलगा मधली सुट्टी झाली तरी वजाबाक्या करत बसतो आणि विचारतो, ‘मॅडम, पाच अंकी घेतली तर काय होते?’ तेव्हा पुस्तक द्यायचं.

भाषांबद्दल थोडक्यात. मराठीत माझी पहिली पसंती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’: छोटी आहे, त्यातला मास्तरही कोवळ्या वयाचा आहे. मुलींना आणि मुलांनाही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, निवडक प्रकरणं. हिंदीत हरिशंकर परसाईंची ‘इंस्पेक्टर मातादीन चाँद पर’; परसाई आपल्या नागपूर विद्यापीठातून हिंदीत एम. ए. झालेले. इंग्रजीसाठी किपलिंगचं ‘जंगल बुक’ मुळातून. मोगलीचं रान म्हणजे पेंचपलीकडचा सिवनी, आणि त्यात येणारी वैनगंगा म्हणजे आपल्या भंडाऱ्याहून वाहणारी नदी. ओळखीच्या मुलखातलं असलं की मुलं अनोळखी शब्दांना अडखळत नाहीत, पुढे जातात.

दोन गोष्टी मात्र करू नका, अशी कळकळीची विनंती. एक, वाचून झाल्यावर पुस्तक परीक्षण लिहून आणायला सांगू नका. त्या एका ओझ्यापायी मुलं पुढचं पुस्तक घेत नाहीत. गप्पा मारा, बस. दुसरं, प्रेरणा मिळावी म्हणून पुस्तक देऊ नका. या वयाच्या मुलांना उपदेशाचा वास लांबून येतो. त्यांना माहिती हवी असते, गोष्ट हवी असते, कोणीतरी खरं बोललेलं हवं असतं.

पैशांचा प्रश्न असतो, मान्य. पण यातलं बरंच फुकट आहे. मराठी विश्वकोश इंटरनेटवर सगळा आहे. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक आहेत. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची मराठी पुस्तकं आहेत. नागपुरात सीताबर्डीवर राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आहे, विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आहे. मुलाला एकदा स्वतः घेऊन जा. आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जा. गावोगावहून रेल्वेनं, ट्रकनं आलेली माणसं, ज्यांच्या पायात धड चप्पल नसते, ती पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभी राहून नोटा मोजतात आणि पुस्तकांच्या पिशव्या उराशी धरून परत जातात. पुस्तकं परवडत नाहीत असं म्हणणाऱ्या माझ्यासारख्या पगारदारांनी आपल्या मुलांना बोट धरून ते दाखवावं.

या वर्षी आमच्या स्टाफरूममध्ये एक तक्ता लावायचं ठरलंय. उभ्या रकान्यात महिन्याचे धडे, समोर पुस्तक आणि पान क्रमांक. विज्ञानाचा माझा रकाना भरून झाला. भूगोलाचे सर पाऊस थांबला की मुलांना टाकळीकडे न्यायला तयार आहेत. इतिहासाच्या मॅडमनी झाशीच्या प्रकरणांच्या झेरॉक्स काढायला टाकल्यात. हिंदीचा रकाना अजून अर्धा रिकामा आहे. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांनी आपला विषय आणि इयत्ता कळवली तर तक्त्याचा फोटो पाठवते, आणि तुमच्याकडे हिंदीसाठी आठवी-नववीला झेपेल असं काही असेल तर तेही सांगा.