बाईंसोबत कोण आहे?

खानदेशात एकट्या म्हाताऱ्या बाईला बसमध्ये खिडकी मिळते, कुणाच्या तरी बाटलीतलं पाणी मिळतं, मूठभर शेंगा मिळतात, उतरताना पिशवी खाली द्यायला हातही मिळतो. एकटीने बसायला तेवढं मिळत नाही. मी सदुसष्ट वर्षांची आहे, धुळ्यात राहते, जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्तीनंतर थंडी पडली की पिशवी उचलून एकटीच हिंडायला निघते. गुडघे कुरकुरतात. रक्तदाबाची गोळी विसरून चालत नाही. एसटीची पहिली पायरी महामंडळ दर वर्षी गुपचूप थोडी वर सरकवतं, असा माझा संशय आहे. पण हे सगळं सोसता येतं. सोसवत नाही तो प्रश्न: "सोबत कोण आहे?"

मी विधवा असते तर लोकांनी समजून घेतलं असतं. "बिचारी जीव रमवतेय" म्हणून सोडून दिलं असतं. माझी अडचण अशी की मला नवरा आहे आणि तो ठणठणीत आहे.

"मिस्टर?"

"घरी आहेत."

"बरं नाही का त्यांना?"

"चांगलं आहे."

"मग?"

या 'मग'वर माझ्याकडे बरेच दिवस उत्तर नव्हतं. खरं उत्तर एवढंच, की आमच्या ह्यांना घर सोडवत नाही. ह्यांना शहात्तरावं लागलंय. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यभर एसटी फुकट आहे. म्हणजे ज्या माणसाला सरकार धुळ्याहून पार गडचिरोलीपर्यंत एक पैसा न घेता न्यायला तयार आहे, तो माणूस टीव्हीसमोरून पाणी प्यायलाही उठत नाही. लळिंगचा किल्ला ह्यांनी चाळीस वर्षं हायवेवरून पाहिला. वर काय आहे विचारलं तर म्हणतात, "वरून हायवे दिसत असेल."

मला मात्र तिकीट पडतं, अर्धं. इथे माझ्यातली शिक्षिका जागी होते. पासष्ट पूर्ण झाली म्हणून ज्येष्ठ नागरिकाची अर्धी सवलत, आणि मार्च २०२३ पासून बाई म्हणून अर्धी सवलत. अर्धं अधिक अर्धं बरोबर एक. हे मी एका कंडक्टरला नीट समजावून सांगितलं. त्याने मशीन खाली केलं, माझ्याकडे पाहिलं आणि भरल्या गाडीत विचारलं, "मॅडम, तुम्हाला कशातून देऊ? बाईतून की म्हातारीतून?"

मी म्हटलं, "बाईतून." म्हातारीतून घ्यायचं तर आधार कार्ड काढावं लागतं.

रेल्वेबद्दल काही बोलत नाही. ज्येष्ठांची तिकिटातली सूट मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच. खालचा बर्थ तेवढा देतात, आणि तो भुसावळ यायच्या आत कुणीतरी बाळाची आई गोड बोलून मागून घेते.

तर प्रश्न. धुळे-अमळनेर गाडीत शेजारी बसलेल्या आजी फागण्याच्या आत मुद्द्यावर आल्या. "एकलीच चालनी का माय?" मग "पोरे सांभायतस ना?" मग आवाज खाली आणून, "घरमा भांडन करी निंघनी का?" मागच्या बाकावरचे दोघे गप्पा थांबवून ऐकायला लागले होते. मी फक्त तत्त्वज्ञान मंदिर बघायला चालले होते. प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलेली संस्था, साने गुरुजी सुरुवातीला तिथेच अभ्यासाला होते, धुळ्यापासून इतकी जवळ असून आपण पाहिली नाही याची लाज वाटत होती. पण हे आजींना कुठल्या तोंडाने सांगणार? पडलं माझ्या तोंडून, "नवस शे."

गाडीत शांतता. मागच्या बाकावरच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या. आजींनी पदर डोक्यावर घेतला आणि मला पुढची पाऊण वाट सन्मानाने एकटं सोडलं. नवस म्हटला की बाई एकटी का, नवरा कुठे, घरी स्वयंपाक कोण करतं, सगळं माफ. जी गोष्ट 'मला बघायचंय' म्हणून करता येत नाही, ती 'मी बोलले होते' म्हणून खुशाल करता येते.

अमळनेरला उतरून रिक्षावाल्याला म्हटलं, तत्त्वज्ञान मंदिर. त्याने पिशवी पाहिली, पांढरे केस पाहिले, सोबत कोणी नाही हे पाहिलं, आणि न बोलता मंगळग्रह मंदिरात नेऊन सोडलं. मी म्हटलं, अहो, हे नव्हे. तो म्हणाला, "बाहेरगावचे सगळे इथेच येतात काकू. मुलाला मंगळ आहे ना?" आमच्या मुलाचं लग्न होऊन सोळा वर्षं झाली. तरी दर्शन घेतलं. आलोच आहोत तर.

लोक म्हणतात, या वयात एकटीने फिरायचं म्हणजे चोरांची भीती, आजारपणाची भीती. असेल. माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड गोष्ट ही की बाथरूमला गेल्यावर पिशवी कोण बघणार. नवरा नावाच्या माणसाचा प्रवासातला खरा उपयोग इथे लक्षात येतो. पिशवी आत न्यावी तर आत खुंटी नसते, जमीन ठेवण्यासारखी नसते, आणि गळ्यात पिशवी अडकवून खाली बसून पुन्हा उठणं हे माझ्या गुडघ्यांना मान्य नाही. बाहेर ठेवावी तर भोंग्यावर सारखं चालू असतं, अनोळखी व्यक्तीवर विश्वास ठेवू नका.

एका मोठ्या बसस्थानकावर (नाव सांगत नाही, मला तिथूनच परत जा-ये करायची असते) मी बाकावरच्या एका अनोळखी व्यक्तीवर विश्वास ठेवला. मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली बाई होती. परत आले तर बाई नाही, मेथी नाही, पिशवी नाही. तिच्या जागी एक कॉलेजचा मुलगा. तो म्हणाला, "त्या मावशींची गाडी लागली, त्या मला सांगून गेल्या. मग मला फोन आला म्हणून मी त्या काकांना सांगितलं." काका चहाच्या टपरीवर होते. काकांनी पिशवी टपरीवाल्याकडे दिली होती, कारण काकांना पाणी प्यायला जायचं होतं. टपरीवाल्याने ती 'बेवारस दिसते' म्हणून कंट्रोलरच्या खिडकीत नेऊन दिली होती. कंट्रोलर माइक हातात घेऊन घोषणा करायच्याच बेतात होते. "आत काय आहे सांगा," ते म्हणाले. मी सांगितलं: स्वेटर, गोळ्यांची डबी, कळण्याच्या दोन भाकरी, ठेचा, दोरी. "दोरी कशाला?" त्यांनी विचारलं. मलाही आठवेना. पण बाकीचं जुळलं आणि भाकरीचा वास तर आधीच खिडकीबाहेर आला होता. पाच अनोळखी माणसांच्या हातून फिरून पिशवी जशीच्या तशी परत आली. भोंग्यावर मात्र विश्वास ठेवू नका हे चालूच होतं.

जेवणाचं तेवढं सांगते. खानदेशात एकट्याने जेवायला बसणं ही गोष्ट हॉटेलवाल्यांना समजत नाही. "किती माणसं?" "एक." "बाकीचे मागून येताय का?" शेवभाजी सांगितली की पातेलंभर रस्सा येतो, वर तर्री, आणि पोऱ्या विचारतो, अजून शेव टाकू? भरताचं तर विचारूच नका. यावल-भुसावळकडे हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत ठेचायची, आणि निदान वीस जण जमल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. मी रस्त्याकडेच्या एका खोपटात एकटीपुरतं भरीत मागितलं तर भाजणाऱ्या बाईने मला चुलीजवळ घरच्यांच्या पंगतीत बसवलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. तुम्हीच सांगा, यात एकटेपण कुठे राहिलं?

पुण्याच्या मुलाने त्याच्या परीने बंदोबस्त केलाय. घरातून निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाकायचं. ते आठ तासच चालतं, म्हणून आठ तासांनी त्याचा फोन येतो. चांगदेवला गेले तेव्हा फोन लवकर आला. तिथे तापी आणि पूर्णा एकत्र येतात. हेमाडपंती देऊळ पाहून मी घाटावर अगदी खालच्या पायरीवर बसले होते. फोनमधून मुलगा ओरडत होता, "आई, तू नदीत आहेस!"

"मी पायरीवर आहे."

"नकाशात पाण्यात दिसतेस. मधोमध!"

"मग नकाशाला बाहेर काढ."

सातपुड्यात तर रेंजच जाते. तोरणमाळला जायचं म्हणून शहाद्यात मुक्काम करायला गेले, तर लॉजच्या मॅनेजरने आधार कार्ड उलटसुलट पाहिलं आणि हळूच विचारलं, "आजी, घरी माहीत आहे ना?" नवस सांगून पाहिला. त्याने मान डोलावली आणि तरीही मुलाचा नंबर मागितला. माझ्यासमोर फोन लावून विचारलं, "तुमच्या आई आमच्याकडे आहेत. राहू द्यायचं का?" मुलगा म्हणाला, हो, राहू द्या. सदतीस वर्षं मी मुलांच्या सहलीच्या संमतीपत्रांवर पालकांच्या सह्या तपासल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, एवढी कटकट असताना कशाला जायचं? चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाऊन या, म्हणजे कळेल. तिथे शके ११२८चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, आणि राजाने त्याला दान दिलं, ते त्यात कोरलंय. (तापीकाठचे योगी चांगदेव वेगळे. आमच्या शाळेत हे चुकणाऱ्या पोराला मी उभं करायची.) आठशे वर्षांपूर्वी या डोंगराच्या कुशीत कुणीतरी पोरांना गणित शिकवत होतं, आणि त्यासाठी राजा पैसे देत होता! आम्हाला खडूचे बॉक्स मागून घ्यावे लागायचे. मी तिथे तासभर उभी होते. घरच्यांबरोबर पूर्वी आले होते तेव्हा दर्शन, फोटो, डबा, चला, उशीर होतोय. शिलालेख आहे हे कळलंही नव्हतं. या खेपेला कुणी 'झालं का?' म्हणालं नाही. आसपासच्या झाडांवर माकडं होती, पण तीही आपापल्या कामात. फोटोचं काय ते सोडा. एका मुलाला काढायला सांगितला तर त्यात देऊळ कळसापर्यंत आलंय आणि माझा फक्त अंबाडा.

नवसाने माझं काम सोपं केलं, पण त्याने दुसरं लचांड मागे लागलं. बस ऐकत असते. एरंडोलच्या गाडीत मी पद्मालयाला नवस आहे म्हटलं आणि पारोळ्याला चढलेल्या बाईने लगेच कनवटीची वीसची नोट काढली. "मन्हा नावनं एक नारय फोडजो माय. नातनं जमू दे म्हना." तिचं पाहून पुढच्या बाकावरच्या माणसाने बोअरला पाणी लागावं म्हणून दहा रुपये दिले. एका मुलीने पैसे दिले नाहीत, नुसता तलाठी परीक्षेचा बैठक क्रमांक कागदावर लिहून दिला. पद्मालयाच्या देवळात दोन स्वयंभू गणपती शेजारी शेजारी आहेत, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. कुणाचं मागणं कुठल्या गणपतीकडे सांगायचं याचा मी बराच विचार केला. शेवटी बोअर आणि तलाठी उजवीकडे दिले, लग्न डावीकडे. कमळांच्या तळ्याकाठी बसल्यावर लक्षात आलं, स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. म्हटलं, राहू दे, देव आज भरपूर कामात आहे.

परवा मी भाकरी थापत होते. माझा मोबाइल वाजला तो ह्यांनी घेतला. बराच वेळ "हो का? वा, वा" चाललं होतं. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "पारोळ्याहून कुणी बाई होत्या. तुझा गणपती पावला म्हणे, नातीचं जमलं. आपल्याला नात कुठे आहे?"

मी सगळं सांगितलं. नवस काय, नारळ काय, तलाठ्याचा बैठक क्रमांक काय.

"आणि तू स्वतः कसला नवस बोलतेस?"

"तुम्ही एकदा घराबाहेर पडावं म्हणून."

"मग पुष्कळ देव करावे लागतील तुला," ह्यांनी सांगितलं आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. "आणि हो, पुढच्या खेपेला त्या पारोळ्याच्या बाई येणार आहेत तुझ्याबरोबर. त्यांची बहीण पण. मी म्हटलं, अवश्य या." मग रिमोट शोधून टीव्हीचा आवाज वाढवला.