‘सगळी गाणी सारखीच वाटतात’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं नाही, कारण तुम्ही तिन्ही भाग नीट वाचलेत हे मुद्द्यांवरून दिसतंय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की ब्राझीलचा गायक-गिटारवादक, बोसा नोव्हा या शैलीचा प्रवर्तक जुआंव जिल्बेर्तो, त्याच्यावर तीन तीन लेख लिहावेत असं त्याने काय केलंय, एवढ्या मोठ्या कारकिर्दीत जेमतेम दहा-अकरा स्टुडिओ अल्बम, त्यातही तीच तीच गाणी परत, गायचं सगळं कुजबुजत, सूर धड लागत नाही, आणि अमेरिकन जॅझवादक स्टॅन गेट्झचा सॅक्सोफोन नसता तर ब्राझीलबाहेर त्याला काळ्या कुत्र्यानेही विचारलं नसतं. शेवटी ‘हॉटेलच्या लॉबीत वाजतं ते संगीत’ असंही लिहिलंत.

नावाचं आधी. तुम्ही ‘जोआओ’ हवं म्हणालात. गोव्यात जूनमध्ये सांजांव असतो ना, त्यातला ‘जांव’ म्हणजे हेच नाव, म्हणून मी जुआंव लिहितो. तुम्ही जोआओ लिहिलंत तरी काही बिघडत नाही.

आता गेट्झ. इथे तारखा बघायलाच लागतील. ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ हा दोघांचा अल्बम न्यूयॉर्कला रेकॉर्ड झाला मार्च 1963 मध्ये, बाजारात आला 1964 मध्ये, पुढच्या वर्षी वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. पण तोवर जुआंवचे रिओमध्ये तीन एलपी येऊन गेले होते, 1959, 1960 आणि 1961. आणि गेट्झने स्वतः 1962 मध्ये गिटारवादक चार्ली बर्डबरोबर जे ‘देझाफिनादो’ वाजवून हिट केलं ते गाणं जुआंवच्या पहिल्या एलपीवर आधीच होतं. म्हणजे कोण कोणाच्या मागून आलं ते तुम्हीच ठरवा. तिकडे ब्राझीलच्या बाईया राज्यात कायतानो वेलोझो, पुढचा मोठा गायक, शाळकरी पोरगा होता तेव्हा त्याच्या कानावर हा आवाज पडला, तिथलाच दुसरा पुढचा मोठा गायक जिल्बेर्तो जील अकॉर्डियन वाजवायचा तो हे ऐकून गिटारकडे वळला. या पोरांना गेट्झ कोण हे माहीत असायची गरजच नव्हती.

आणि इपानेमाच्या मुलीचं गाणं (‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’), जे तुम्ही लॉबीत ऐकलंत. अल्बममध्ये ते सुरू होतं जुआंवपासून, पोर्तुगीजमध्ये, मग त्याची तेव्हाची बायको आस्त्रुद इंग्रजीत गाते, मग गेट्झ, मग संगीतकार जोबिंचा पियानो. रेडिओसाठी सिंगल काढताना जुआंवचा भाग सरळ कापला. जगभर वाजलं ते हे कापलेलं गाणं. तुम्ही ज्या गाण्यावरून त्याला लॉबीतलं संगीत म्हणताय त्यात तो गायलेलाच नसण्याची शक्यता खूप आहे, एकदा तपासून बघा.

एक मात्र मान्य करतो. दुसऱ्या भागात मी तो अल्बम दोन वाक्यांत उडवला होता, ते चुकलंच. गेट्झचा टोन त्यात फार सुंदर आहे, फक्त तो जुआंवपेक्षा मोठ्याने बोलतो एवढंच माझं म्हणणं, ते नीट लिहायला हवं होतं.

सूर लागत नाही, हा आरोप त्याच्यावर 1959 पासून आहे आणि ‘देझाफिनादो’चा अर्थच मुळी बेसूर. जोबिं आणि न्यूटन मेंदोन्साचं गाणं, त्यातला माणूस प्रेयसीला म्हणतो की तू मला बेसूर म्हणतेस तेव्हा मला फार लागतं. पहिल्याच ओळीत चाल अशा एका स्वरावर येऊन थांबते की आपल्याला वाटतं अरे हा चुकला, आणि खाली कॉर्ड ऐकली की कळतं तो स्वर तिथेच हवा होता. तो स्वर जरासा जरी हलला तरी गाणं पडलं. जुआंव तिथे आवाज न कापवता, न वाढवता, बोलल्यासारखा सरळ उभा राहतो. हे करून बघा, मी घरी प्रयत्न केलाय, फार अवघड आहे.

कुजबुजीबद्दल. तो कमी आवाजात गातो कारण त्याला गिटार आणि गळा एका उंचीवर हवे होते. 1958 मध्ये ‘शेगा जी साउदाजी’ हे गाणं रेकॉर्ड करताना त्याने दोन मायक्रोफोन मागितले, एक गळ्याला एक गिटारला, त्या काळी स्टुडिओत असं कोणी मागत नव्हतं. का मागितले ते गिटारकडे कान दिला की समजतं. अंगठा खर्जाच्या तारांवर एकसारखा चालतो, सांबातला मोठा सुर्दो ढोल चालावा तसा. बाकी बोटं कॉर्ड एकदम उचलतात आणि ते ठोके तांबोरीम या छोट्या ढोलासारखे मात्रेच्या जरा अलीकडे पलीकडे पडतात. आणि गळा या दोघांनाही सोडून तिसऱ्या वाटेने, ओळ लवकर सुरू करून उशिरा संपवतो, किंवा मागे रेंगाळत राहतो आणि पुढच्या ओळीत अलगद भरून काढतो, समेवर येऊन आदळायची घाईच नाही. जोरात गायला तर हे सगळं गाडलं जाईल. मोबाइलच्या स्पीकरवर, वर पंखा फुल, अशा अवस्थेत ऐकलंत तर फक्त पुटपुटणं ऐकू येणार. मी स्वतः पंखा बंद करून ऐकतो, मे महिन्यातसुद्धा.

आता ‘तीच तीच गाणी’. हा तुमचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि मला वाटतं इथेच तुम्ही त्याच्या सगळ्यात जवळ आला होतात आणि परत फिरलात. होय, तीच गाणी. ‘देझाफिनादो’ 1959 मध्ये, परत गेट्झबरोबर, परत 2000 मध्ये. जीलचं बाईयावरचं गाणं 1973 मध्ये आणि 2000 मध्ये. पण त्याच्यासाठी गाणं एकदा रेकॉर्ड झालं म्हणजे संपलं असं नव्हतंच, आणि म्हणून त्याचे अल्बम सुटे सुटे ऐकण्यापेक्षा एकाच कामाचे टप्पे म्हणून ऐकावे असं मी तिन्ही भागांत ओरडून सांगतोय.

त्यातला मधला टप्पा म्हणजे 1973 चा पांढऱ्या कव्हरचा अल्बम. अमेरिकेत रेकॉर्ड केला, इंजिनिअर वेंडी कार्लोस, म्हणजे जिने मूग सिंथेसायझरवर बाख वाजवून नाव कमावलं तीच, आणि इथे तिच्यासमोर एक माणूस, एक गिटार आणि बाजूला हलकंसं पर्कशन, बस्स. एका गाण्यात गायिका मिऊशा साथीला येते तेवढाच दुसरा आवाज. जोबिंचं मार्चच्या पावसाचं गाणं यात आहे (तिकडे मार्च म्हणजे उन्हाळा संपताना येणारा पाऊस), काठी, दगड, रस्त्याचा शेवट अशी नुसती नावांची माळ. पुढच्या वर्षी गायिका एलिस रेजिनाने जोबिंबरोबर ते हसत खेळत म्हटलं आणि तेच लोकांना जास्त माहीत आहे, तेही मला आवडतं. जुआंव मात्र हसत नाही, एकेक वस्तू समोर ठेवत जातो. आणि ‘ऊंजिऊ’ नावाच्या त्याच्या स्वतःच्या गाण्यात तर शब्द जवळजवळ नाहीतच, सहा मिनिटांहून जास्त वेळ तो एकच शब्द घोळवतो. तुम्हाला कंटाळा आला म्हणालात तो इथेच आला असणार. मला तिथे तिसऱ्या मिनिटानंतर वेळेचं भान राहत नाही, आता याला काय करणार.

अजून एक. तुम्ही 38 गाण्यांची सीडी ऐकलीत असं लिहिलंय. माझ्याकडेही तीच होती, कित्येक वर्षं मी तिलाच त्याचं सुरुवातीचं काम समजत होतो. तिन्ही एलपी कंपनीने एकत्र कोंबले, गाण्यांचा क्रम बदलला, आवाजावर प्रक्रिया केली, आणि त्यावरून जुआंव कोर्टात गेला. आणि बरोबर गेला. पहिला एलपी अख्खा जेमतेम बावीस-तेवीस मिनिटांचा, बारा गाणी, एक बाजू ‘शेगा जी साउदाजी’ने उघडते आणि दुसरी ‘देझाफिनादो’ने. ओळीने 38 ऐकली तर कोणालाही सारखीच वाटतील हो, जेवण ताटात न वाढता बादलीत ओतल्यासारखं आहे ते.

म्हणून एक विनंती. ‘शेगा जी साउदाजी’ आधी 1958 चं ऐका, दोनच मिनिटांचं आहे. सुरुवात उदास, मग प्रेयसी परत आली तर काय काय होईल हे सांगताना चाल उदास मायनरमधून उजळ मेजरमध्ये जाते, समुद्रात जेवढे मासे आहेत त्याहून जास्त पापे देईन म्हणतो, मागे जोबिंने बांधलेला वाद्यमेळ. मग लगेच ‘वॉझ इ व्हियोलांव’ हा 2000 चा अल्बम काढा, कायतानोने प्रोड्यूस केलेला, कव्हरवर अभिनेत्री कामीला पितांगा ओठांवर बोट ठेवून गप्प राहा म्हणतेय. त्यातलं शेवटचं गाणं तेच आहे. तो तेव्हा जवळपास सत्तरीचा, वाद्यमेळ गेला, आवाज खाली उतरलाय, आणि ती मेजरमधली उडी तो आता एवढी हळू मारतो की दुसऱ्यांदा ऐकल्यावरच कळतं. मध्ये दुसरं काही लावू नका. मग परत लिहा, पटलं नाही तरी लिहा, मी वाट बघतोय.